अमावस्येची नळी

पिंप्राळ्याच्या सुनंदाबाई फेगडे यांच्या हातात जंतू मरत नाही, अशी त्यांच्या कॉलेजात ख्याती होती. कुणाच्या हाताला भरताची चव असते, कुणाच्या हाताला रांगोळी येते. सुनंदाबाईंच्या हाताला जंतू लागायचे. ऐकायला बरं वाटत नाही, पण जळगावच्या त्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात याहून मोठा मान कुणालाच नव्हता. दोन डॉक्टरेट झालेले प्राध्यापक आपला जंतू रुसून बसला की नळी घेऊन मुकाट त्यांच्यापाशी यायचे आणि मावशी, बघा ना जरा, म्हणून उभे राहायचे.

बाईंचं शिक्षण रावेरकडच्या एका खेड्यात नववीपर्यंत. माहेर केळीवाल्यांचं, सासरही केळीवाल्यांचंच. नवऱ्याने, म्हणजे पुनाभाऊंनी, शेत धाकट्या भावाकडे दिलं आणि जळगावात रिक्षा घेतली, तेव्हा बाई सासूसह पिंप्राळ्यात आल्या आणि कॉलेजात परिचर म्हणून चिकटल्या. त्याला आता तेवीस वर्षं झाली. काम विचाराल तर स्वयंपाकघरातलंच. काचेची भांडी घासायची, मोठ्या कुकरात ती उकळून निर्जंतुक करायची, जंतूंना खायला आगर, म्हणजे शेवाळाची जेली, शिजवून बशांमध्ये ओतायचं. घरी सहा माणसांचं रांधायचं आणि इथे सहा कोटींचं, एवढाच काय तो फरक, असं त्या नव्या मुलींना सांगायच्या.

सगळं उत्तम चाललं होतं. पण दोन वर्षांपूर्वी धुळ्याची कामिनी संशोधनाला आली आणि बाईंच्या आयुष्यात दही शिरलं.

कामिनी धुळ्यातल्या देवपूरची. तिच्या मामीकडे त्या वर्षी दही लागेनासं झालं होतं. चांगलं दूध, चांगलं विरजण, तरी सकाळी पाहावं तर भांड्यात नुसतं पांचट पाणी. मामीने शेजारणीच्या नजरेला दोष दिला. कामिनीने ते पाणी बाटलीत भरून जळगावला आणलं आणि त्यातून एक विषाणू शोधून काढला. तुम्हा-आम्हाला होणारा नव्हे, जंतूंना होणारा. दह्याच्या जंतूत तो शिरतो, आत आपली शेकडो पिल्लं करतो आणि जंतूला फोडून बाहेर पडतो. कामिनीला पाहायचं होतं ते पुढचं. असा हल्ला झाला की हजारो जंतूंतले दोन-चार वाचतात. ते कसे वाचतात? त्यांच्या अंगात असं काय घडतं? यावर तिला डॉक्टरेट करायची होती.

आता विषाणू मिळाला, पण मारायला जंतू हवा. कामिनी नशिराबादपासून पिंप्राळ्यापर्यंत घरोघर हिंडली आणि चाळीस घरांचं दही गोळा केलं. त्यातला सगळ्यात दमदार जंतू निघाला तो सुनंदाबाईंच्या घरच्या दह्यात. त्याला नाव दिलं पी-१७. त्या दिवशी बाईंनी विभागात सगळ्यांना चहा पाजला. पोराला नोकरी लागल्यावरही त्या इतक्या फुगल्या नव्हत्या.

घरच्या त्या विरजणाची कथा वेगळीच होती. ते सासूबाईंचं, द्रौपदाबाईंचं. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा एकदा घरचं दही मांजराने सांडलं आणि त्यांना संध्याकाळी शेजारी विरजण मागायला पाठवलं गेलं. दिवा लागल्यावर विरजण देत नसतात म्हणून शेजारणीने दारातूनच परत लावलं. तेव्हापासून द्रौपदाबाईंनी नेम धरला. विरजण मोडायचं नाही, आजच्या दह्यातून उद्याचं लावायचं. आणि दर अमावस्येला त्यातलं चमचाभर वेगळ्या झाकणाच्या बरणीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायचं. रोजचं बिघडलं तर हे आहे. साठ वर्षांत त्यांच्या घरातून कुणी विरजण मागायला बाहेर पडलं नव्हतं. सुनंदाबाईंनाही हे असं अंगवळणी पडलं होतं की अमावस्या त्यांना पंचांगातून कळत नसे, बरणीतून कळे.

आणि इथेच घोटाळा झाला.

विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडम शिस्तीच्या. त्यांनी फ्रीजशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला होता : ‘पी-१७. दर सोमवारी डीप फ्रीजरमधून नवीन नळी काढावी. जुनी नळी पुढे वापरू नये.’ डीप फ्रीजर म्हणजे उणे ऐंशी अंशांचा. त्यात पी-१७ च्या बोटभर वीस नळ्या गोठवून ठेवल्या होत्या. सोमवारी एक काढायची, दुधात टाकायची, बेचाळीस अंशांवर ठेवायची. जंतू जागा होई. मे महिन्यात जळगावात त्यासाठी यंत्राचीही गरज नव्हती, नळी खिडकीत ठेवली असती तरी चाललं असतं.

बाईंनी दोन सोमवार कागदाप्रमाणे केलं. तिसऱ्या सोमवारी त्यांचा हात थांबला. काल लावलेलं दही समोर छान घट्ट बसलंय, आणि ते टाकून देऊन बर्फातलं विरजण उकरायचं? तेही घरचं? दर आठवड्याला एक नळी म्हणजे पाच महिन्यांत खेळ खलास. असलं विरजण मोडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जुन्या नळीतलं थेंबभर नव्या दुधात घातलं आणि फ्रीजर बंद केला. त्यानंतर तो पी-१७ साठी कधी उघडलाच नाही. वर अमावस्या आली की एक नळी तारीख घालून बाजूला. फ्रीजच्या तळच्या खणात लोणच्याच्या जुन्या बरणीत त्या नळ्या उभ्या राहू लागल्या. बरणीवर ‘सुनंदा’ असं लिहिलेलं. मॅडम दोनदा म्हणाल्याही, सुनंदाबाई, प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये डबा ठेवू नका. बाई दोन्ही वेळा हो म्हणाल्या आणि बरणी आणखी मागे सरकवली.

दिवाळीनंतर कामिनी पाच महिने पुण्याला गेली, जंतूच्या अंगातलं लिखाण वाचायची विद्या शिकायला. जाताना म्हणाली, “मावशी, पी-१७ तुमच्यावर सोडून चालले.” एप्रिलमध्ये परतली ती उत्साहाने उतू जात होती. जंतू घेतला, त्यावर विषाणू सोडला आणि दुसऱ्या दिवशी बशी उघडली. आगरावर जंतूंची साय दाट धरलेली. जिथे विषाणूने खाऊन स्वच्छ भोकं पाडायला हवी होती, तिथे एकही भोक नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीन आठवडे तिने दूध बदललं, पाणी बदललं, विषाणू नव्याने वाढवला, स्वतःच्या हातांवर संशय घेतला. विषाणूला काही झालेलं नव्हतं, दुसऱ्या जंतूंना तो धडाधड मारत होता. पी-१७ ला मात्र तो शिवेना.

मेच्या मध्यावर तिची आढावा समिती बसायची होती. शुक्रवारी धुळ्याहून बाहेरचे परीक्षक येणार होते. दाखवायला काही नसेल तर संशोधनाला मुदतवाढ नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी सकाळी बाई आगर शिजवत होत्या, तेव्हा कामिनी आत आली आणि स्टुलावर बसून रडू लागली. एरवी ती प्रयोगशाळेत पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी घरची अहिराणी बाहेर पडली.

“बठ्ठं वाया गयं, मावशी. मी देवपूरले निंघी जास.”

“येडी का काय. सगळंच कसं वाया जाईन? सगळं तपासलं का तू?”

“सगळं तपासलं,” कामिनी डोळे पुसत म्हणाली. “दूध, पाणी, यंत्रं, विषाणू. फक्त पी-१७ नाही तपासला. तो तुम्ही करता ना, मग त्यात काय बघायचं?”

बाई आगर ढवळायच्या थांबल्या. इतका विश्वास कुणी टाकावा आणि तो असा काट्यासारखा रुतावा, हे त्यांना तेवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. फ्रीजर, तिसरा सोमवार, जुनी नळी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि शेवटी ती दिवाळी. सुट्टीवरून परतल्यावर रोजची नळी वाळून मेलेली निघाली होती. खरं तर तेव्हा फ्रीजर उघडायला हवा होता, निदान बरणीतली नळी तरी काढायला हवी होती. पण कामिनीच्या स्टँडमध्ये मागेच ठेवलेली एक नळी त्यांना दिसली. तिच्यात विषाणू घातला होता, दूध बिचारं कितीतरी दिवस लागलं नव्हतं, आणि आता मात्र घट्ट बसलं होतं. इतकं सोसून लागलं म्हणजे विरजण कसदार, असा विचार करून बाईंनी पुढचा सगळा वंश त्या नळीतून वाढवला होता.

बोलावं की गप्प बसावं? तीन वर्षांमागे एका परिचराने वहीत खोटी तारीख घातली म्हणून मॅडमनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. बाईंचं कंत्राट जूनअखेर संपत होतं. गप्प राहून आज गुपचूप फ्रीजरमधली नळी काढली असती तर प्रयोग आपसूक सुधारलाही असता आणि कुणाला काही कळलं नसतं. बाई खोटं सांगणाऱ्या नव्हत्या, पण भित्र्या होत्या. तरी त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि कामिनीचा हात धरून तिला मॅडमच्या खोलीत घेऊन गेल्या.

“मॅडम, हिची काही चूक नही. चूक माही हाये. मी नळी फ्रीजरातली काढेलच नही. जुनंच विरजण पुढे लावू राह्यली, वरीस झालं.”

मग सगळं सांगितलं. दिवाळीची नळीही सांगितली. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कामिनी तोंडावर हात ठेवून उभी होती.

“सुनंदाबाई, भिंतीवर काय लिहिलंय?” मॅडम शेवटी म्हणाल्या.

“जुनी नळी वापरू नये.”

“वाचता येतं ना तुम्हाला?”

“येते. पन मॅडम, घरचं विरजण व्हतं. मोडवलं नही. फ्रीजरात अठरा नळ्या जशाच्या तशा हायेत. आन् दर महिन्याची एक एक मी बाजूले ठेयेल हाये. अकरा झाल्या. तुम्ही म्हनान तं फेकून देते.”

“काय?” मॅडम आणि कामिनी एकदमच म्हणाल्या.

पुढची पाच मिनिटं विभागात जे झालं ते पाहून बाहेरच्या एखाद्याला आत आग लागली असं वाटलं असतं. कामिनी धावली, मॅडम तिच्यामागे धावल्या, आणि ज्या बरणीला डबा म्हणून दोनदा हाकललं होतं ती मॅडमनी गुडघ्यांवर बसून, तान्ह्या बाळाला घ्यावं तशी, खणातून बाहेर काढली. अकरा नळ्या. प्रत्येकीवर बाईंच्या अक्षरात तारीख. त्या फ्रीजच्या गारव्यात झोपलेल्या होत्या, मेलेल्या नव्हत्या.

बाईंना काहीच कळेना. कामिनीने त्यांना मिठीच मारली.

“मावशी, अहो, तुमचा जंतू विषाणूपासून वाचायला शिकला. मला जे बघायचं होतं, ते तुमच्या बरणीत झालंय.”

त्या आठवड्यात बाई घरी जेवायलाही उशिरा गेल्या. फ्रीजरमधला मूळ पी-१७ आणि बरणीतले अकरा, सगळे जागे केले, सगळ्यांवर देवपूरचा विषाणू सोडला. गुरुवारी दुपारी बारा बशा टेबलावर मांडल्या. मूळचा जंतू चाळणीसारखा झालेला. पहिली ते पाचवी नळी, तशीच चाळण. सहावी नळी, दिवाळीनंतरची पहिली, तिच्यात भोकं बोटांवर मोजण्याइतकी. सातवीपासून पुढे गुळगुळीत. कामिनी बशांकडे बघून हसत होती आणि मध्येच रडत होती. बाईही रडल्या, त्यांना हसू नंतर आलं.

शुक्रवारी धुळ्याचे सर आले. उंच, बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर. कामिनी पडद्यावर एकेक चित्र दाखवत होती. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, कारण आत जायचं धाडस होत नव्हतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग तारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“पाच जुलै, चार ऑगस्ट, दोन सप्टेंबर, दोन ऑक्टोबर, एक नोव्हेंबर. नमुने घ्यायचा हा कसला हिशेब? महिन्याची एक तारीख नाही, ठरावीक वार नाही. आणि दोन ऑक्टोबरला तर कॉलेज बंद असतं.”

कामिनी गडबडली. हे तिने विचारलंच नव्हतं. मॅडम कागद चाळू लागल्या. दारातून आवाज आला.

“अमावस्या हाये, सर.”

सगळे वळले. बाईंनी ट्रे घट्ट धरला होता.

“दोन सप्टेंबरले बैलांचा पोया व्हता. एक नोव्हेंबरले लक्ष्मीपूजन. सुट्टी व्हती तं मी वॉचमनजोडून चावी घेतली.”

“आणि अमावस्येलाच का?” सरांनी चष्मा काढला.

“सासूबाईनं सांगेल हाये.”

आधी धुळ्याचे सरच हसले, खळखळून, टेबलावर हात मारून. त्यांच्या आईचंही असंच काही असायचं म्हणाले. त्यांनी बाईंना आत बोलावून खुर्ची दिली. चहा तोवर गार झाला होता, तो सगळ्यांनी तसाच घेतला. धुळ्याच्या विषाणूला जळगावचा जंतू पुरून उरला हे मी धुळ्यात कुठल्या तोंडाने सांगू, असं जाताना ते म्हणाले. कामिनीला मुदतवाढ मिळाली.

जंतूंच्या अंगातलं लिखाण वाचायला नमुने पुण्याला गेले आणि जूनमध्ये अहवाल आला. कामिनीने तो बाईंना समजावून सांगितला, आणि गोधडीवरून सांगितला म्हणून बाईंना लगेच उमजला. जंतूच्या अंगात एक लांब धागा असतो, त्यात त्याचं सगळं लिहिलेलं. विषाणू आत घुसला की वाचलेला जंतू त्या विषाणूच्याच धाग्याचा बारीक तुकडा कापतो आणि आपल्या गोधडीत शिवून टाकतो. पुन्हा तोच शत्रू आला की ठिगळाशी जुळवून बघतो, ओळखतो आणि तिथल्या तिथे त्याचे तुकडे करतो. पोरांनाही ती गोधडी वारशाने मिळते. पहिल्या पाच नळ्यांत एकही नवं ठिगळ नव्हतं. सहावीत एक होतं, आठवीत दोन, अकरावीत तीन, आणि प्रत्येक नवं ठिगळ आधीच्याच्या शेजारी, ओळीने. विषाणूही त्या नळ्यांतून जंतूच्या मागे मागे आला होता, रूप बदलून पुन्हा पुन्हा घुसत होता, आणि जंतू दर वेळी नवा तुकडा शिवत होता.

“म्हंजे याले सगळं याद राह्यते,” बाई म्हणाल्या.

“सगळं.”

“माह्या सासूसारखं.”

मॅडमनी बाईंना सोडलं नाही. चूक ती चूकच, असं एक पत्र त्यांनी बाईंच्या फाइलला लावलं, आणि त्याखालीच कंत्राटाचं नवं पत्र लावलं. मग स्वतः भिंतीवरचा जुना कागद काढून नवा चिकटवला. त्यावर पहिली ओळ तीच होती, दर सोमवारी फ्रीजरमधून नवीन नळी. दुसरी ओळ मॅडमच्या अक्षरात : ‘एक जुनी नळी वेगळी पुढे चालू ठेवावी. दर अमावस्येला तिचा नमुना बाजूला काढावा.’ शेजारी पंचांगाची दिनदर्शिका टांगली गेली. त्या विभागात नवे येणारे विद्यार्थी ती बघून गोंधळतात, त्यांना सुनंदाबाई समजावून सांगतात.

अकराही जंतू डीप फ्रीजरमध्ये गोठवले. डबीवर नाव घालायचं होतं. कामिनीने बाईंना न विचारता लिहिलं : ‘द्रौपदाबाई, १ ते ११.’

बाईंनी त्या डबीचा मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी घरी नेला. द्रौपदाबाई त्र्याऐंशीच्या, ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. वाचता येत नव्हतं. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला.

“काय लिव्हेल हाये?”

“तुमचं नाव हाये, आत्याबाई. द्रौपदाबाई.”

म्हातारीने नावावरून बोट फिरवलं. लग्नानंतर सून, मग वहिनी, मग आई, मग आजी. त्या घरात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

“मले तं वाटे, माहं नाव कोनाले मालूमच नही,” त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, “आन् डबीत काय हाये?”

“आपलं विरजण. बर्फात ठेयेल हाये. मॅडम म्हनतात, पन्नास वर्सं तं कुठी जात नही.”

द्रौपदाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि समाधानाने पाय लांब केले.

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “आते कोनाच्या दारी मागाले जायाचं काम नही.”